लॉजिक्स पीएलसीचा १० पैकी १० वाला सीव्हीई : कोटेशन मागवायच्या आधी चावी कुठे आहे ते बघा

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं, की आयटी ऑडिटवाल्यांनी तुमच्या रॉकवेल कंपनीच्या लॉजिक्स पीएलसीवरचा (मशीन चालवणारा कंट्रोलर) सीव्हीई-२०२१-२२६८१, म्हणजे नंबर देऊन जाहीर झालेली सुरक्षेची त्रुटी, गंभीरता १० पैकी १०, रिपोर्टमध्ये लाल करून दिलाय, इंटिग्रेटर (ऑटोमेशनचं काम करून देणारा ठेकेदार) म्हणतोय फर्मवेअर अपडेटचं कोटेशन देतो आणि प्लांट हेड म्हणतात आपला पीएलसी इंटरनेटवर नाहीच तर खर्च कशाला. दोघांचंही लगेच ऐकू नका. मी स्वतः पॅनल आणि कमिशनिंगमध्ये सतरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भानगड काय आहे ती बघू. लॅपटॉपवरून स्टुडिओ ५००० (रॉकवेलचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) उघडून तुम्ही कंट्रोलरला ऑनलाइन जाता तेव्हा समोर खरंच रॉकवेलचंच सॉफ्टवेअर आहे ना हे कंट्रोलर एका सिक्रेट कीवरून (गुप्त डिजिटल कोड, पॅनलवरची चावी नव्हे) तपासतो. आता ही की प्रत्येक प्लांटची वेगळी असती तर प्रश्न नव्हता, पण ती सॉफ्टवेअरच्या आतच आहे आणि सगळीकडे तीच, म्हणजे एकदा कोणी ती खोदून काढली की त्याला स्टुडिओ ५००० ची गरजच नाही, स्वतःचा प्रोग्रॅम लिहून तो कुठल्याही लॉजिक्स कंट्रोलरला मीच तुझा इंजिनिअर म्हणून सांगू शकतो, लॉजिक बदलू शकतो. क्लॅरोटी आणि कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपन्या आणि दक्षिण कोरियातल्या सूनचनह्यांग विद्यापीठातल्या लोकांनी हे रॉकवेलला कळवलं होतं, क्लॅरोटीने तर २०१९ मध्येच, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्रुटी असलेल्या व्हर्जनच्या यादीत आरएसलॉजिक्स ५००० (स्टुडिओ ५००० चं जुनं नाव) चं १६ ते २० आणि स्टुडिओ ५००० चं २१ च्या पुढचं सगळं आहे. म्हणजे नुसता व्हर्जन नंबर वाढवून हे जात नाही, मुळातली रचनाच तशी आहे. इंटिग्रेटरला हे स्पष्ट विचारा, की अपडेटनंतर नेमकं काय बंद होणार?

रॉकवेलने स्वतः सांगितलेला पहिला उपाय फुकटचा आहे. कंट्रोलरवर चावीने फिरणारा मोड स्विच असतो, रन, रिमोट आणि प्रोग्रॅम अशा तीन जागांचा, तो रन वर ठेवा. बस. रन वर असताना प्रोग्रॅम डाउनलोड होत नाही (म्हणजे लॅपटॉपवरून कंट्रोलरमध्ये जात नाही), ऑनलाइन एडिट होत नाही, सॉफ्टवेअरमधून मोडही बदलता येत नाही, मग समोरच्याकडे ती सिक्रेट की असो नाहीतर नसो. आणि आपल्याकडे नेमकं हेच होत नाही! मी गेलो त्यातल्या बहुतेक प्लांटमध्ये चावी रिमोट वर आणि वर्षानुवर्षं तिथेच लटकलेली, का तर प्रोग्रॅमरला ऑफिसमधून उठून पॅनलपर्यंत यायला नको.

एका पॅकिंग प्लांटमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय. रात्रपाळी चालू, बाहेरून एक जण रिमोटने जोडून दुसऱ्या लाइनचं काम करत होता, दोन्ही कंट्रोलर सारखेच, आयपी शेजारशेजारचे, त्याने चुकीचा आयपी निवडला, समोर आलेली वॉर्निंग न वाचता ओके केलं आणि चालत्या लाइनमध्ये डाउनलोड टाकला. लाइन जागेवर थांबली. नशीब चांगलं म्हणून आत कोणाचा हात नव्हता. तिथे कुठलाही हॅकर नव्हता, पण चावी रन वर असती तर तो डाउनलोड गेलाच नसता, आणि ती रात्र आठवली की मला आजही राग येतो.

हॅकर असलेलं उदाहरण पण आहे. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये ट्रायटन नावाचा मालवेअर श्नायडरच्या ट्रायकोनेक्स सेफ्टी कंट्रोलरपर्यंत पोचला. कंपनी वेगळी, त्रुटी वेगळी, पण चावी तिथेही प्रोग्रॅम मोडवरच राहिलेली होती. सेफ्टी कंट्रोलर म्हणजे सगळं बिघडलं तरी माणसं वाचावीत म्हणून बसवलेला शेवटचा डबा, त्याचीच ही गत.

प्लांट हेडना सांगा की पीएलसी इंटरनेटवर नसेल, पण इंजिनिअरिंग लॅपटॉप असतो, त्यावर मेल येतात, पेनड्राइव्ह लागतात, आणि संध्याकाळी तोच लॅपटॉप पीएलसीला जोडला जातो. ट्रायटनसुद्धा इंजिनिअरिंग स्टेशनवरूनच आत शिरला. म्हणून तो लॅपटॉप वेगळा ठेवा, ऑफिस नेटवर्ककडून येणारा टीसीपी ४४८१८ (कंट्रोलरशी बोलायचा नेटवर्क पोर्ट) फायरवॉलवर अडवा, व्हेंडरचा रिमोट कायम चालू नको, काम असेल तेवढ्यापुरता द्या आणि तेव्हा आपला माणूस पॅनलपाशी उभा असू दे.

रन वर ठेवलं म्हणजे सगळं झालं असंही नाही हं. एचएमआयकडून (ऑपरेटरची स्क्रीन) टॅगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या व्हॅल्यूच्या जागेत, व्हॅल्यू लिहिता येतेच, तेव्हा जे टॅग बाहेरून बदलायची गरज नाही त्यांचा एक्स्टर्नल ॲक्सेस रीड ओन्ली करा, हे काम कंटाळवाणं आहे पण शटडाउनमध्ये बसून करून टाका. कंट्रोलर प्रॉपर्टीजमध्ये चेंज डिटेक्शन आहे, तिथली ऑडिट व्हॅल्यू वहीत लिहून ठेवा, काही बदललं तर ती बदलते. तुमच्या कंट्रोललॉजिक्स ५५७० कंट्रोलरला पुढे यूएसबी पोर्ट आहे, म्हणजे पॅनलचं दारही कुलपात हवं. कॉम्पॅक्टलॉजिक्स ५३८० वर तर चावीच नसते, नुसता स्विच, तिथे कुलूप आणखी गरजेचं.

खरंच पैसे खर्च करायचेच असतील तर सीआयपी सिक्युरिटीवर (कंट्रोलरशी होणारं नेटवर्कवरचं बोलणं सुरक्षित करणारी सोय) करा, ती डिजिटल सर्टिफिकेटवर चालते, सगळ्यांना एकच की असला प्रकार तिथे नाही. कंट्रोललॉजिक्स ५५८० असेल तर व्हर्जन ३२ पासून मिळते, ५५७० च्या रॅकमध्ये १७५६-ईएन४टीआर मॉड्यूल लागेल. त्याचं कोटेशन मागवा.

उद्या पहिल्या पाळीला प्रत्येक पॅनल उघडून स्विच कशावर आहे त्याचा फोटो काढा. लाइन चालू असेल तर प्रॉडक्शनला सांगूनच चावी फिरवा, रिमोट रनमधून रन वर न्यायची आहे, घाईत दुसऱ्या टोकाला प्रोग्रॅमवर गेली तर लाइन थांबेल. नंतर चाव्या काढून शिफ्ट इंचार्जच्या कपाटात, रजिस्टरमध्ये सहीवर. ऑडिटच्या उत्तराला ते फोटो आणि रजिस्टरचं पान जोडा.