'ही गोज'मधला एस कुठून आला?

शिरपूरकडच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे: 'चौथीतली मुलं विचारतात, "बॉइज"ला एस लागला की पुष्कळ मुलं होतात, मग "ही गोज"मध्ये माणूस एकटाच असून एस कशाला? बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलतात. कसं समजवावं?'

ताई, मुलांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. हे दोन एस दिसायला सारखे, पण एकमेकांचे कोणी लागत नाहीत. नामाचा एस अनेकवचनाचा, क्रियापदाचा एकवचनाचा. 'द बॉय प्लेज' आणि 'द बॉइज प्ले' ही जोडी फळ्यावर एकाखाली एक लिहा. एस इकडून तिकडे गेलेला मुलांना आपोआप दिसेल.

तो आला कुठून, हे मात्र ऐकण्यासारखं आहे. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखेच पुरुषाप्रमाणे प्रत्यय बदलत: मीचा वेगळा, तूचा वेगळा, तोचा वेगळा. पुढे ते झिजत गेले. 'तू'साठी असलेला 'दाऊ' हा शब्दच रोजच्या वापरातून उठला, तेव्हा त्याचा 'एस्ट'ही त्याच्यामागे गेला. उरला तो फक्त तृतीयपुरुषी एकवचनाचा. आणि दक्षिणेकडे तोही एस नव्हता, 'थ' होता. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलात 'गोएथ', 'सेथ' अशीच रूपं आहेत. एस ही उत्तर इंग्लंडच्या बोलीची लकब. ती हळूहळू लंडनपर्यंत उतरली. शेक्सपिअरच्या लेखनात 'हॅथ'ही सापडतं आणि 'हॅज'ही. म्हणजे आज जो विसरला की पेपरात मार्क जातात, तो एस मुळात बोलीभाषेतून वर आलेला. अहिराणीला 'अशुद्ध' म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा. इंग्लंडातल्याच नॉरफोक भागात गावाकडची माणसं 'ही गो' म्हणत आली आहेत, पण हे मुलांना सांगू नका, लगेच सवलत मागतील.

आता अहिराणीचं. प्रमाण मराठीत 'तो जातो, ती जाते' असं क्रियापद बदलतं. अहिराणीत 'तो जास, ती जास'. इंग्रजीतही 'ही गोज, शी गोज'. इथे तुमची मुलं पुण्याच्या मुलांपेक्षा इंग्रजीच्या जवळ आहेत! शेवटी स ऐकू येतो हा निव्वळ योगायोग. गंमत म्हणून सांगा, व्युत्पत्ती म्हणून नको. शिवाय तो फसवाही आहे, कारण अहिराणीत 'मी जास', 'तू जास', एवढंच काय 'लोक म्हनतस' इथेही स असतो. इंग्रजीत 'आय गो', 'यू गो', 'दे गो' सगळे मोकळे. दुसरा उपयोग मात्र बिनधोक आहे. रोजचं ते 'जास' आणि आत्ता चाललंय ते 'जाई ऱ्हायना', हा फरक मुलांच्या तोंडात पक्का असतो. 'गोज' आणि 'इज गोइंग' यांचा फरक त्यावरच बसवा. तापी पश्चिमेला वाहते, गाडी भुसावळला थांबते, ही नेहमीची सत्यं, म्हणून 'फ्लोज', 'स्टॉप्स'.

माझ्या मते खरी अडचण आदरार्थी बहुवचनाची आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. 'आजोबा मळ्यात जातात', 'सर शिकवतात'. मूल मनात मराठी वाक्य जुळवतं, क्रियापद अनेकवचनी निघतं, आणि वहीत उतरतं 'माय ग्रँडफादर गो'. त्याला नियम येत नाही असं नाही, त्याला आजोबांना 'जातो' म्हणायची चोरी वाटते. इंग्रजीत आजोबा कितीही मोठे असले तरी एकच धरायचे, हे एकदा स्पष्ट सांगितलं की निम्म्या चुका जातील. उलट 'पीपल'ला एस नसूनही ते अनेक, म्हणून 'पीपल गो'.

प्रश्न आणि नकार करताना एस 'डू'कडे जातो: 'डज ही गो?', 'ही डज नॉट गो'. एकदा 'डज' आलं की 'गोज' नको. 'कॅन', 'मे', 'शॅल' यांना एस लागतच नाही, कारण ही मुळात भूतकाळाची रूपं, नंतर वर्तमानात वापरात आली. 'ही वेंट'ला तरी कुठे एस असतो?

आणि एखादं चुणचुणीत पोर विचारेलच की 'गॉड ब्लेस यू'मध्ये देव एक, मग एस कुठे गेला? ते विधान नाही, इच्छा आहे. आपण 'देव तुझं भलं करो' म्हणतो, तिथे 'करतो' म्हणत नाही. 'गॉड ब्लेसेस यू' म्हटलं तर आशीर्वादाची बातमी होते.