शेळीची लस गाईला कशी चालते?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्याकडे तीन एचएफ (होल्स्टिन, विदेशी जातीच्या) आणि एक देशी गीर गाय आहे. लंपीसाठी, म्हणजे त्या गाठी येणाऱ्या रोगासाठी, जी लस टोचतात ती शेळ्यांच्या देवीची असते म्हणे, मग गाईला तिचा काय उपयोग? शेजारच्यांच्या गाईला लस दिली आणि सहाव्या दिवशी अंगभर गाठी आल्या, तेव्हापासून आमचे वडील लस नकोच म्हणतात. दूध पण तुटतं. त्यात गीर कालपासून नीट खात नाहीये. टोचू का नको?

उत्तर: टोचा दादा, गावात लंपी शिरायची वाट बघू नका.

शेळीची लस चालते कारण लंपीचा विषाणू आणि शेळ्यामेंढ्यांच्या देवीचे विषाणू एकाच कुळातले, चुलत भाऊच म्हणा. लसीत शेळीच्या देवीचा कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, तो गाईला आजारी पाडत नाही पण तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला नीट बघून ठेवतात, अँटिबॉडी बनवायला शिकतात, मग उद्या माशी-डास चावून खरा लंपी आत आला की चेहरेपट्टी ओळखीची निघते आणि वाढायच्या आत त्याला धरता येतं. माणसाच्या देवीवर जेन्नरने १७९६ साली दिलेली लसही गाईच्या देवीपासूनचीच होती, तीच युक्ती.

पण हे शिकायला साधारण तीन आठवडे जातात. शेजारच्या गाईला सहाव्याच दिवशी गाठी आल्या म्हणजे बहुतेक विषाणू लसीच्या आधीच अंगात शिरला होता, लक्षणं तेवढी नंतर दिसली. म्हणून तर म्हणतो लवकर टोचा.

लस टोचताना मात्र स्वतः उभे राहा. बाटलीत कोरडी पावडर असते, ती द्रावणात कालवली की बर्फावर ठेवून दोनेक तासात संपवायची. मी एका गोठ्यात कालवलेली बाटली शर्टाच्या खिशात बघितलीये, बाहेर मे महिन्याचं ऊन! असा विषाणू मेला की टोचलं काय न टोचलं काय सारखंच, आणि मग लोक म्हणतात लस बोगस. सुई पण प्रत्येक जनावराला नवी मागा, संकोच करू नका, एका सुईने रोग चार जनावरांत जातो.

दूध एखाद-दोन दिवस थोडं कमी येतं, कधी कणकण, कधी टोचलेल्या जागी गाठ, ते उतरतं. लंपी झालेली गाय कित्येक आठवडे दुधाला मागे राहते आणि पायाला सूज आली तर बिचारीला उठवत नाही, तो हिशोब वडिलांना सांगा.

गीरचा ताप आज थर्मामीटर लावून बघा. १०३ च्या वर असेल तर तिला वेगळी बांधा, डॉक्टरांना दाखवा आणि तिची लस पुढे ढकला. बाकी तिघींना याच आठवड्यात टोचून घ्या.