दारातला पहिला आवाज

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र दोनदा वाचले. मानसिक संकटात सापडलेल्या माणसाकडे पोलिसांच्या गाडीतून जाणारी मानसोपचार नर्स व्हावे, की टोरांटोत २०२२ मध्ये सुरू झालेल्या, पोलिसांना बरोबर न घेता जाणाऱ्या संकटसेवेत अर्ज करावा, हा तुझा पेच आहे. गणवेशाशेजारी बसलीस की तू त्यांच्या दांडगाईवरचे पांघरूण होशील, असे तुझी मैत्रीण म्हणते आणि ते तुला लागले आहे. त्या गाडीतल्या माझ्या अकरा वर्षांत मलाही ते लागत होते. पण गाडी कोणती, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दारात पहिल्यांदा कोण बोलणार, एवढेच विचार.

कायद्याचे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि त्याचे मला आश्चर्य वाटले. मानसिक आजार असल्यासारखा दिसणारा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर त्याला डॉक्टरांच्या तपासणीसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार आपल्या ओंटारिओ प्रांताच्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १७ पोलिसाला देते. तुला किंवा मला देत नाही. पुढे डॉक्टरने ‘फॉर्म १’ भरला, तर रुग्णाला मूल्यमापनासाठी ७२ तासांपर्यंत ठेवता येते. रुग्णालय जबाबदारी घेईपर्यंत पोलिसाला तेथून हलता येत नाही, म्हणून इमर्जन्सीच्या खुर्च्यांवर गणवेशातली माणसे तासन्‌तास ताटकळलेली दिसतात. तेव्हा पोलिस नकोतच म्हणणाऱ्यांनाही काही रात्री त्यांना बोलवावेच लागते. ते येणारच असतील, तर शेजारी कोणीतरी बोलणारे असावे, या हट्टापायी मी त्या गाडीत राहिले.

मात्र शेजारी असणे आणि बोलणे यांत फार अंतर आहे. टोरांटोत नर्स आणि पोलिस यांची संयुक्त पथके २००० सालापासून आहेत. तरी २०१३ च्या जुलैमध्ये रिकाम्या ट्रामगाडीत लहानसा चाकू घेऊन उभ्या असलेल्या १८ वर्षांच्या सॅमी यातिमवर पोलिसाने गोळ्या झाडल्या, तेव्हा तेथे नर्स नव्हती. त्यानंतर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती फ्रँक याकोबुची यांनी २०१४ मध्ये ८४ शिफारशींचा अहवाल दिला. तो अहवाल तू वाच, आणि पथकांविषयीचा भाग दोनदा वाच. ही पथके नंतर पोहोचणारी होती. आधी नेहमीच्या गाडीतले पोलिस जाऊन जागा ‘सुरक्षित’ करणार आणि मग नर्स आत येणार. शस्त्राचा उल्लेख असला की तीही नाही. म्हणजे पहिला आवाज ठरलेला होता, आणि तो आपला नव्हता.

माझी गोष्ट याहून लहान आहे. आमचे शहर कोणते, ते लिहीत नाही. एका आईने ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला होता. तिचा विशीतला मुलगा स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून फरशीवर बसला होता आणि घरातल्या घड्याळांचे, रिमोटचे सेल काढून लाद्यांच्या सांध्यावर एका ओळीत मांडत होता. माझ्या पुढे असलेल्या अधिकाऱ्याने ‘हात दाखव, उभा राहा’ असे म्हटले. मुलाने वर न पाहता आणखी एक सेल मांडला. अधिकाऱ्याने तेच वाक्य मोठ्याने म्हटले, आणि मग आणखी मोठ्याने. मी मागे उभी होते. मला त्याचे नाव ठाऊक होते, औषधाच्या गोळ्या घेणे कधी थांबले ते आईने जिन्यातच सांगितले होते, पण आपली पाळी आल्यावर बोलायचे असे मला शिकवलेले होते आणि मी पाळीची वाट पाहत राहिले. चार मिनिटांत बेड्या पडल्या. सेल घरंगळत फ्रिजखाली गेले. पहाटे रुग्णालयात त्याने मला ओळखले आणि विचारले, ‘तू होतीस ना तिथे?’ पुढे काही बोलला नाही.

त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जे येत होते ते त्याने केले. जे मला येत होते ते मी केले नाही. पुढच्याच आठवड्यात मी गाडीतल्या माझ्या पोलिस जोडीदाराला सांगितले की हाती शस्त्र दिसत नसेल तर उंबऱ्यावर मी बोलेन, तू वायरलेसचा आवाज बारीक कर आणि माझ्या खांद्याच्या मागे राहा. तो हसला. दोन महिने भांडण झाले, वरिष्ठांकडे तक्रारही गेली. पुढे त्यालाच त्याची इतकी सवय झाली की जिना चढताना तो आपणहून थांबून मला पुढे जाऊ देई. मी पांघरूण होते का? काही रात्री असेनही. पण ज्या दारांत मी आधी बोलले, तेथे बहुतेक वेळा बेड्या कमरेलाच राहिल्या, आणि हे मी कोणत्याही मैत्रिणीसमोर सांगायला तयार आहे.

‘व्यवस्थेच्या आत राहून बदल घडवायचा’ असे तू लिहिले आहेस. हे वाक्य खोडून टाक. त्याने काहीच ठरत नाही. दारात पोहोचल्यावर काय म्हणशील, ते लिही. मी नाव घेत असे, माझे नाव सांगत असे आणि शेवटचे कधी जेवलास असे विचारत असे. समोरचा जमिनीवर असेल तर मीही बसत असे, मग गुडघे कितीही कुरकुरोत. जोडीदार रुग्णाच्या आजाराचा इतिहास विचारील. आजच्या सुरक्षिततेपुरते सांग, बाकीचे तुझ्या वहीतच राहू दे.

गुरुवारी तुझी मुलाखत आहे. पगार आणि पाळ्या यांच्याआधी विचार की कॉल आल्यावर आम्ही पहिल्या गाडीतून जातो की दुसऱ्या, आणि उंबऱ्यावर आधी कोण बोलतो. ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असे उत्तर आले, तर कोणाची परिस्थिती, तेही विचार. मग मला फोन कर. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी अजूनही पाळीच्या वेळेनुसारच जागी असते.

तुझी,
काकू