प्रोसेसरचा वेग वाढवण्याआधी बॅटरीचा विचार करा

फोनच्या प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवण्याचा तुमचा उत्साह मी समजू शकतो. काही वर्षांपूर्वी मीही बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करून, नवे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टाकून फोनचा वेग वाढवला होता. तरीही आधी एक हिशेब पाहा. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर सुमारे ३३ टक्के जास्त वीज लागते आणि तिची उष्णताच होते. संगणकात ती बाहेर टाकायला पंखा असतो. बहुतेक फोनमध्ये तो नसल्याने बॅटरीही तापते.

लिथियम-आयन बॅटरी तापली की तिची क्षमता कायमची घटते, आणि ती पूर्ण चार्ज असेल तर अधिकच लवकर. त्यातून मे महिन्यातली मुंबई, गर्दीची लोकल आणि खिशातला फोन! माझ्या फोनचे झाकण एका कोपऱ्यात नखभर वर आले, तेव्हा मी ते अंगठ्याने दाबून बसवत राहिलो, ही घोडचूक होती. लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने ते उघडले, तर आत बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये.

प्रयोग करायचाच असेल, तर वापरात नसलेला जुना फोन घ्या, व्होल्टेजला हात न लावता वेग एकेक पायरीने वाढवा, आणि बॅटरी ४५ अंशांपर्यंत पोहोचताच थांबा. तापल्यावर वेग आपोआप कमी करणारे संरक्षण मात्र कुणीही सांगितले तरी बंद करू नका.