आजीला थँक्यू का चालत नाही?

लाडक्या,

रविवारी चर्चमधून येताना गाडीत तू विचारलंस, "शेवटच्या काळातली माणसं कृतघ्न असतील असं शब्बाथशाळेत शिकवलं. आपल्या घरात तर कुणीच कुणाला थँक्यू म्हणत नाही. आजी उलट रागावते. मग आपण त्यातलेच का?" मी हसून वेळ मारून नेली, कारण उत्तर सुचलं नव्हतं. आता लिहितोय. मराठी अडलं तर आजीकडून वाचून घे, फक्त शेवटचा भाग तिला दाखवू नकोस.

तुमचा धडा होता बायबलमधलं २ तीमथ्य हे पत्र, अध्याय ३. प्रेषित पौल रोममध्ये कैदेत आहे आणि तरुण तीमथ्याला लिहितोय. स्वार्थी, धनलोभी, बढाईखोर, गर्विष्ठ अशी अठरा-एकोणीस दुर्गुणांची यादी आहे. आपल्याकडची मोठी माणसं ती वाचून लगेच "आजकालची पिढी!" म्हणतात. मला ते पटत नाही. यादी संपताच पौल सांगतो, "त्यांच्यापासूनही दूर राहा." म्हणजे ती माणसं तेव्हाच आजूबाजूला होती. त्याचा सोबती देमास त्याला सोडून गेला होता, हे त्याच पत्रात पुढे येतं.

त्या यादीत "आईबापांना न मानणारी" याच्या लगेच नंतर "उपकार न स्मरणारी" आहे. स्मरणारी हा शब्द बघ. तोंडाने म्हणण्याबद्दल तिथे काहीच नाही. मूळ ग्रीक शब्द 'खारिस' म्हणजे कृपा, तिच्यावरून आलाय: कृपा मिळूनही जो कोरडाच राहतो, तो. आपला 'कृतघ्न' जास्त कडक आहे. केलेलं मारून टाकणारा.

तू शेंगोळ्यांची वाटी घेताना थँक्यू म्हणालास आणि आजी म्हणाली, "थँक्यू कशाला? मी काय परकी आहे?" नगरकडच्या तिच्या पिढीला घरात आभार मानणं म्हणजे हिशेब चुकता करून उठल्यासारखं वाटतं. आईबापांचे पांग फेडायचे असतात, खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, आणि ते एका शब्दात उरकत नाही. देवाचे आभार मात्र ती तोंड भरून मानते. आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक ज्वारीची कणसं, अंडी, जिवंत कोंबड्यासुद्धा घेऊन यायचे. त्यांचा लिलाव व्हायचा आणि एखादी कोंबडी हमखास सुटायची.

पण आपली बाजू फार ताणणार नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि येशूकडे परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. उरलेल्या नऊ जणांना मनातून काहीच वाटलं नसेल का? वाटलं असेल. तरी येशूने विचारलंच, "नऊ जण कोठे आहेत?" आपल्या घरांतून बायका आयुष्यभर रांधतात, आणि "घरच्यांना काय सांगायचं" या नावाखाली पुरुष गप्प जेवून उठतात. त्याला मी संस्कृती म्हणणार नाही. इथे दुकानात फोनवरून नजर न उचलता म्हटलेल्या थँक्यूलाही मी फार किंमत देत नाही. पौलाच्याच शब्दांत, ते "केवळ बाह्य रूप".

आता शेवटचा भाग.

मी पुण्याला होस्टेलवर होतो तेव्हा आजी दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवायची. भाकरी, ठेचा, कधी शेंगोळे. दोन वर्षं. आलेला डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे तिनेच शिकवलेलं. मी रिकामा पाठवायचो, बऱ्याचदा न धुतलेला. ती कधी काही बोलली नाही. मीही नाही, आजपर्यंत.

ती पुढच्या रविवारी परत निघतेय. तोच स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेला, ती येताना चिवडा भरून घेऊन आली होती. आता धुऊन ओट्यावर पडलाय. त्यात काय भरायचं ते तू आणि मी शनिवारी ठरवू. बॅगेत वजनाला जागा आहे.

तुझा,
बाबा