आइसलँडचा मूम बँड बंद पडला का, आणि त्या जुळ्या बहिणी कुठे गेल्या?

नाही, बंद नाही पडला, 2025 मध्ये त्यांचा 'हिस्टरी ऑफ सायलेन्स' आलाय, फक्त त्याआधीचा स्टुडिओ अल्बम 'स्माइलवुंड' 2013 चा म्हणून सगळ्यांना वाटतं की संपलं. मी पहिल्या अल्बमपासून ऐकतोय आणि कव्हरवरची नावं वाचायची सवय आहे, त्यावरून सांगतो. 1997 ला सुरू झाले तेव्हा चौघं होते, गुन्नार, अर्वार आणि जुळ्या बहिणी ग्यिदा न् क्रिस्टिन आन्ना. ग्यिदा चेलो शिकायला 2002 च्या आसपास बाहेर पडली, क्रिस्टिन 2006 ला. तुम्हाला जो तो कुजबुजल्यासारखा लहान मुलीसारखा आवाज आठवतोय ना तो बहुतेक क्रिस्टिनचाच, त्यामुळे 2007 चा 'गो गो स्मिअर द पॉयझन आयव्ही' लावला की एकदम वेगळाच बँड वाटतो, जास्त गोंधळ, जास्त माणसं गातायत. ग्यिदा मात्र 'स्माइलवुंड'च्या वेळी परत आली.

ऐकायचंच असेल तर:
- 'फायनली वी आर नो वन' (2002): इथूनच सुरुवात करा, मागे बारीक खरखर-टिकटिक चालू असते आणि वर मेलोडिका (तोंडाने फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड), हेडफोन लावूनच ऐका
- 'समर मेक गुड' (2004): जरा अंधारा, रात्रीचा

एक मात्र आहे, मूमचा लाइनअप कधीच फिक्स नसतो, त्यामुळे स्टेजवर हे चौघं एकत्र दिसतीलच असं धरून तिकीट काढू नका.