रात्रीचा मुक्काम आधी, रस्ता नंतर

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच मित्र यवतमाळला एका शाळेत शिकलो आणि आता चाळिशी ओलांडली आहे. जानेवारीत आठ दिवसांची रजा काढून भाड्याच्या कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, लोणार, शेगाव, मेळघाट, रामटेक, नवेगावबांध, ताडोबा आणि हेमलकसा असा सगळा विदर्भ पाहण्याचा आमचा बेत आहे. हॉटेल कुठेही घ्यायचे नाही. जिथे संध्याकाळ होईल तिथे शेताच्या कडेला किंवा तळ्याच्या काठी गाडी लावायची, असे ठरले आहे. हा बेत कितपत जमेल आणि तयारी काय करावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या बेतातील दोन गोष्टी बदलाव्यात, असे मला मनापासून वाटते. त्यांतली पहिली लहान आहे. लोणार बुलडाणा जिल्ह्यात, तर हेमलकसा गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, छत्तीसगडच्या सीमेजवळ. या दोहोंमध्ये पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. महामार्ग सोडल्यावर पाण्याची टाकी, सिलिंडर आणि पाच माणसांचे सामान भरलेली गाडी ताशी 30-35 किलोमीटरांपेक्षा वेगाने नेऊ नये, कारण कापसाच्या बैलबंड्या, मध्येच उभी राहणारी गुरे आणि खचलेल्या साइडपट्ट्या यांचा अंदाज वळणावर येत नाही. त्यामुळे आठही दिवस गाडीच्या काचेतूनच विदर्भ पाहाल. विदर्भाच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड आणि पूर्वेकडची धानाची, जंगलाची झाडीपट्टी यांपैकी एकच निवडावे. जानेवारीत जाणार असाल, तर मी झाडीपट्टी सुचवीन. नागपूरहून रामटेक, नवेगावबांध, वडसा, मार्कंडा, आलापल्ली आणि हेमलकसा, व परत येताना बाबा आमटे यांनी 1949 मध्ये सुरू केलेले वरोऱ्याचे आनंदवन, एवढे आठ दिवसांना भरपूर आहे. ताडोबाच्या कोअर क्षेत्रात आपली कॅम्परव्हॅन घेऊन हिंडता येत नाही आणि मंगळवारी ते बंद असते, म्हणून त्यासाठी वेगळी रजा राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. ‘जिथे संध्याकाळ होईल तिथे’ हे ऐकायला फार सुंदर वाटते, पण ग्रामीण विदर्भात मोकळी दिसणारी जागा क्वचितच मोकळी असते. ती कोणाचे तरी वावर म्हणजे शेत असते, गावाची गुरचरण जमीन असते, वनखात्याचे क्षेत्र असते, नाहीतर मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतलेले तळे असते. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात परवानगीवाचून रात्री थांबणे हा तर गुन्हाच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे भंडारा जिल्ह्यात असेच दिवेलागणीला एका पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशी थांबलो होतो. समोर धानाचे पुंजणे, पलीकडे पळसाची रांग आणि माणसाचा कुठे मागमूस नाही. स्टोव्ह पेटवून चहाचे आधण ठेवले, तोच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एक वयस्क शेतकरी हातात बॅटरी घेऊन घाईघाईने आले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, इथं नोका थांबू. पलीकडच्या वावरात तार आहे, रातच्याले करंट सोडतेत.’’ त्यांनी बॅटरीचा झोत खाली धरला, तेव्हा आमच्यापासून वीस पावलांवर, गवताच्या आत, गुडघ्याच्याही खाली बांबूच्या खुंट्यांना बांधलेली बारीक तार चमकली. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी विजेच्या खांबावरून थेट आकडा टाकून अशी तार सोडणे बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसेही मेली आहेत. कुंपणाला जोडलेल्या सौरऊर्जेवरच्या झटका यंत्राचा धक्का क्षणापुरता असतो, त्याने डुक्कर मागे फिरते. थेट करंट मात्र चिकटलेल्याला सोडत नाही. आमच्यातील एक जण अंधार पडल्यावर त्याच दिशेने लघवीला जाणार होता. त्या रात्री आम्ही त्या काकांच्या अंगणात गाडी लावून झोपलो आणि त्यानंतर आजवर न विचारता कुठेही मुक्काम केलेला नाही.

म्हणून प्रवासाची आखणी करताना आधी रात्रीचे मुक्काम ठरवावेत आणि मग त्यांच्यामध्ये दिवसाचा रस्ता बसवावा. दुपारी चारच्या सुमारास गावात पोहोचून सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटावे, आपण कोण, किती जण आणि सकाळी कधी निघणार, हे सांगावे आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पटांगणात गाडी लावू द्याल का, असे विचारावे. उजेडात आलेल्या पाहुण्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. काळोखात दिवे मारत आलेल्या अनोळखी गाडीकडे मात्र गाव संशयाने पाहते, आणि त्यात गावाचे काही चुकत नाही. पटांगणात मिळाले नाही, तर देवस्थानाचे आवार किंवा मोठ्या पेट्रोल पंपाची कडा शोधावी; दोन रात्रींनंतर एखादी रात्र पर्यटन निवासात काढून अंघोळी, कपडे आणि चार्जिंग उरकून घ्यावे.

मी झाडीपट्टी सुचवली त्यामागे रात्रीचेच कारण आहे. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की, या भागात गावोगावी नाटके होतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. तिथे त्यांच्या कार्यालयांबाहेर गावांच्या तारखा लिहिलेले फलक दिसतात. ज्या गावी प्रयोग असेल, तिथे दुपारीच पोहोचावे. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. अंगावर चादरी घेतलेली शेकडो माणसे जमिनीवर बसून ते पाहतात, चहा-भज्यांची दुकाने रात्रभर तापलेली असतात आणि अख्खे गाव जागे असल्याने आपल्या गाडीचीही राखण होते. कॅम्परव्हॅनचा खरा उपयोग मला तिथे कळला. एरवी नाटक संपल्यावर पहाटे चार-पाचला जायचे कुठे, हा प्रश्न असतो. आपले अंथरूण शंभर पावलांवर असले की शेवटच्या अंकापर्यंत निवांत बसता येते.

तळ्यांविषयीही थोडे सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दिसणारे ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या लोकांनी मातीची पाळ घालून बांधले, आणि नवेगावबांधचे मोठे तळेही कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे मानले जाते. या पाण्यावर धान पिकते आणि ढीवर समाजाची मासेमारी चालते. म्हणून तळ्यात गाडी धुणे, भांडी घासणे किंवा साबण लावून उतरणे कटाक्षाने टाळावे. बादलीभर पाणी काठापासून दूर नेऊन वापरावे. पाळीवर तर गाडी चढवूच नये. मातीची पाळ जड चाकांनी खचते आणि ती दुरुस्त करायला गावाला घाम गाळावा लागतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले, तर पाच जणांना रोज 25 लिटर लागतात. भांडी आणि हातपाय धुण्याला तेवढेच आणखी. म्हणजे 100 लिटरांची टाकी दोन दिवसांत संपते, आणि भरलेली असताना गाडीवर 100 किलोंचा भार असतो, हेही विसरू नये. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवावे. डिझेलची टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरावी, विशेषतः आलापल्लीच्या पुढे, आणि रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण नेटवर्क नसले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

मार्कंड्याला वैनगंगेच्या काठचे जुने शिल्पसमृद्ध मंदिर आहे. तिथे नदी उत्तरवाहिनी होते. सकाळी लवकर पोहोचावे. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प 1973 पासून चालू आहे. तिथे दवाखाना आणि शाळा आहे, माडिया आदिवासी कुटुंबे उपचारासाठी दूरवरून चालत येतात. ते पर्यटनस्थळ नाही, म्हणून आधी कळवून जावे आणि रुग्णांचे फोटो काढू नयेत. जवळच भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. आलापल्लीच्या पुढे सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये आणि मुक्कामाची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी.

प्रश्न : आमच्याकडे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. मधली आसने काढून त्यात पलंग, ओटा आणि एसी बसवून मित्रांबरोबर हिंडावे, असा विचार आहे. स्थानिक गॅरेजवाला पंधरा दिवसांत करून देतो म्हणतो. करावे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : गॅरेजवाल्याचे काम कितीही सफाईदार असले, तरी आधी आरटीओ कार्यालयात जावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार, नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. आसने काढून पलंग टाकणे हा तसा बदल ठरतो. परवानगीवाचून बदललेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मित्रांना घेऊन जाताना ही जोखीम अंगावर घेऊ नये. परवानगी मिळाली तरी धावत्या गाडीत कोणीही पलंगावर झोपू नये. जितकी माणसे तितकी पट्ट्याची आसने ठेवावीत.

एसीचा विचार सोडून द्यावा. 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची साधी लेड-अॅसिड बॅटरी 1800 वॅट-तास धरते, पण ती टिकायला हवी असेल तर निम्मीच, म्हणजे 900 वॅट-तास वापरावी. 25 वॅटचे दोन पंखे रात्रीचे आठ तास चालले की 400 जातात, दिवे आणि मोबाइल मिळून सव्वाशे. हजार वॅटचा एसी लावला, तर तेवढी बॅटरी तासभरही पुरणार नाही. दोन चांगले पंखे, जाळीच्या खिडक्या आणि छतावर एक झरोका यांवर खर्च करावा.

गॅसबाबत मी अतिशय कडक आहे. पाच किलोंचा सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा, स्वयंपाक दार उघडे ठेवून करावा आणि झोपण्यापूर्वी रेग्युलेटर काढावा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून झोपणाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. त्या वायूला वास नसतो, त्यामुळे जागही येत नाही. मेळघाटात जानेवारीची थंडी चांगलीच बोचते, तेव्हा दोन रजया जास्त घ्याव्यात.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी शिक्षिका आहोत, रजा मे महिन्यातच मिळते. अशा प्रवासाला तेव्हा निघावे का? शौचालयाची अडचण कशी सोडवावी?
— एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : ताई, मे महिन्यात निघू नये. चंद्रपूरकडचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याची गाडी मध्यरात्रीपर्यंत तापलेली राहते. शिवाय 15 फेब्रुवारी ते 15 जून हा राज्यात वणव्याचा हंगाम मानला जातो, त्यामुळे रानाजवळ साधी चूलही पेटवू नये. पावसाळाही टाळावा, काळ्या मातीत चाक फसले की ट्रॅक्टरवाचून निघत नाही आणि रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहू लागले की तासन्‌तास अडकून पडावे लागते.

शौचालयासाठी झाकणबंद टाकीचे पोर्टेबल टॉयलेट गाडीतच ठेवावे. आपण ब्रह्मपुरीच्या आहात, तेव्हा पहाटेच्या अंधारात झुडपाआड जाणे वाघ-अस्वलांच्या या मुलखात किती धोक्याचे आहे, हे आपल्याला सांगायला नको. ती टाकी तळ्यात, नाल्यात किंवा शेतात रिकामी न करता पंपावरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणच्या शौचालयात, परवानगी घेऊन रिकामी करावी.

दिवाळीच्या सुटीत मात्र अवश्य निघावे. तेव्हा भंडारा-गोंदियाकडे मंडया भरू लागलेल्या असतात आणि हवा उतरलेली असते. धानाची कापणी-मळणी चालू असल्याने काही रस्त्यांवर धान वाळत घातलेले दिसेल. त्यावरून गाडी नेऊ नये. थांबून हाक मारावी, म्हणजे कोणीतरी येऊन एका बाजूचे धान ओढून वाट करून देते.